कशाचं सल्फेट?

नाशिकरोडच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये मी दुसऱ्याच्या नावचं बेरियम पिऊन टाकलं. ग्लासभर. चुकून नव्हे, नीट विचार करून प्यायलो, आणि माझ्या बहुतेक चुका अशाच नीट विचार करून झालेल्या आहेत. वासाला ते स्ट्रॉबेरी होतं, चवीला नुकतीच रंगवलेली भिंत. ज्यांच्यासाठी ते कालवलं होतं त्यांचा घास अडकत होता, आणि का अडकतो हे डॉक्टरांना दिसायला ते त्यांच्या पोटात जायला हवं होतं. ते माझ्या पोटात गेलं.

ते म्हणजे माझे तेव्हाचे घरमालक. कॉलनी त्यांना सल्फेटकाका म्हणायची, तोंडावर. त्यांना राग येत नसे. ‘नुसतं सल्फेट म्हणू नका, ते अर्धवट होतं,’ एवढीच त्यांची तक्रार. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाणी तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. बॉयलरच्या पाण्यात कोणता क्षार किती, ते रोज बघायचं. जास्त झाला की नळ्यांना आतून कवच धरतं. त्यातही सल्फेटवर त्यांचा विशेष डोळा. नमुन्यात बेरियम क्लोराइड टाकायचं, पाणी पांढरं झालं की सल्फेट सापडलं. पोलिसाला निवृत्तीनंतरही रस्त्यात चोर दिसतात, तसं काकांना जिकडेतिकडे सल्फेट दिसायचं. फरक एवढाच की काकांना दिसायचं तिथं ते खरोखर असायचं.

त्यांची वरची खोली मागायला गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. हॉलमध्ये बसवलं, पाणी दिलं, आणि मुलाखत सुरू झाली.

“काय करता आपण?”

“सेल्समन आहे. शाम्पू विकतो. दिंडोरी, पेठ, ती सगळी लाइन माझ्याकडे.”

“कसला शाम्पू?”

इथं मी कंपनीनं ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलेला शब्द टाकला. “सल्फेट-फ्री, काका. शंभर टक्के.”

आत मिक्सर चालू होता तो बंद झाला. काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढं काय होणार हे त्यांना माहीत असावं, आणि त्यांना ते बघायचं असावं.

“कशाचं सल्फेट नाही त्यात?” काकांनी विचारलं.

“म्हणजे... सल्फेटच नाही.”

“सल्फेट हे आडनाव आहे. उद्या तुला कुणी येऊन सांगितलं, पाटील गेले, तर तू काय विचारशील?”

“कोणते पाटील?”

“मग इथं का नाही विचारत?”

विकायला लागून बरेच महिने झाले होते, पण आपण जे काढून टाकलंय त्याचं नाव काय, हे मी कंपनीला विचारलं नव्हतं.

“सोडियम लॉरिल,” काका म्हणाले. “फेस करतं बिचारं. त्यानं तुझं काय वाकडं केलं?” आपणचा तू झाला होता. “म्हणजे तू जे नाही ते विकतोस.”

“हो.”

“आणि लोक घेतात?”

“दिंडोरीत घेतात. पेठला कमी.”

“पेठचे लोक हुशार आहेत,” काका म्हणाले, आणि आत बघून काकूंना, “याला देऊ खोली. बाहेर सोडला तर आणखी लोकांना सांगत फिरेल.”

आडनावाचा हा धडा पुढं मला जिन्यात, गच्चीत, टाकी धुताना, कुठंही मिळायचा. काकांचं म्हणणं साधं होतं. सल्फेट म्हणजे गंधकाच्या आम्लाच्या पोटी आलेला क्षार. घराणं एक, पण माणसं वेगळी. द्राक्षावर मारतात ते मोरचूद तांब्याचं सल्फेट. बाळंतिणीला लोखंडाची गोळी देतात ती लोखंडाचं. हात मोडल्यावर घालतात ते प्लास्टर कॅल्शियमचं. “एका घराण्यातला एक पोलीस असतो, एक वकील असतो, आणि एक काहीच करत नाही,” ते म्हणायचे. “म्हणून नुसतं आडनाव ऐकून पळायचं नाही, आणि नुसतं आडनाव ऐकून जावईही करायचा नाही.”

हे घराणं त्यांनी हळूहळू कॉलनीवर बसवलं होतं. तळमजल्यावरचे छताची कामं घेणारे कंत्राटदार हे कॅल्शियम सल्फेट. “थोडं पाणी लागलं की पाच मिनिटांत घट्ट. मग फोडल्याशिवाय सुटत नाही.” संध्याकाळनंतर त्यांच्याशी कुणी वाद घालायचं नाही, हे मला यावरून कळलं. सोसायटीचे चेअरमन म्हणजे तुरटी, तेही एक सल्फेटच. सभा कितीही गढूळ झालेली असो, ते एक फेरी मारून यायचे आणि सगळे आपापल्या जागी खाली बसायचे.

काकू मोरचूद.

“दिसायला सुंदर,” काका मला गच्चीत सांगत होते, “रंग बघत राहावा असा. पण चाखून बघायची हिंमत करू नये.”

काकू मागं वाळवण उलटत होत्या. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं, बाप द्राक्षबागाईतदार. “मोरचूद नसतं ना,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “तर बाग कव्हाच बुरशीनं खाल्ली असती.”

काका टाकीचं झाकण उघडून पाणी बघायला लागले.

“आणि मी?” मी विचारलं. “मी कोणतं?”

“विचार चालू आहे,” काका म्हणाले.

हा विचार मी तिथं राहिलो तितकी वर्षं चालू होता. कंत्राटदाराला एका भेटीत नाव मिळालं. नवीन दूधवाल्याला आठवड्यात मिळालं. मी अधूनमधून आठवण करायचो आणि काका माझ्याकडे डोळे बारीक करून, काचनळी उजेडात धरून बघावी तसं बघायचे. “अजून काही खाली बसत नाही,” म्हणायचे.

गणपतीच्या विसर्जनाला मला वाटलं आता माझा नंबर लागेल. कॉलनीची मूर्ती प्लास्टरची निघाली होती, शाडूची म्हणून आणलेली, पण उचलताना काकांनी नखानं टोकरून बघितलं आणि म्हणाले, “कॅल्शियम सल्फेट.” ती नदीत न्यायची नाही असं ठरलं. पालिकेकडून अमोनियम बायकार्बोनेटच्या पिशव्या आणल्या, मोठा ड्रम आणला आणि सगळा ताबा काकांकडे गेला. देवळाची पायरी न चढणारा हा माणूस. पण ड्रममध्ये पावडर टाकण्याआधी त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. कुणी बघतंय का हे आधी बघून घेतलं. मी बघत होतो.

दोन दिवस अमोनियाचा असा वास सुटला की कॉलनीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाहुण्यांना वाटलं किती भक्ती आहे. काका मात्र काठीनं ढवळत खुशीत. “खाली बसला तो खडू. वर राहिलं ते अमोनियम सल्फेट. खत. सल्फेटनं कॅल्शियमचं घर सोडलं, अमोनियमच्या घरी नांदायला गेलं. आता भरपूर पाणी घालून हे झाडांना द्यायचं.”

यातलं ‘भरपूर पाणी घालून’ एवढं सोडून मी बाकी सगळं लक्षात ठेवलं, आणि सकाळी लवकर उठून, कुणी न सांगता, काकूंच्या मोगऱ्याला बादलीभर दिलं. मोगरा आधी पिवळा झाला, मग करपला. काकूंनी मला काही म्हटलं नाही. फक्त त्यानंतर देवपूजेला फुलं कमी पडली की त्या जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं ‘असू द्या’ म्हणायच्या.

मी काकांना म्हटलं, “आता तरी सांगा. मी अमोनियम का?”

“अमोनियमचा उपयोग असतो,” काका म्हणाले.

तर असे हे काका, आणि त्यांनी भाकरी कुस्करून खायला सुरुवात केली.

काकूंच्या ते आधी लक्षात आलं. कुस्करायची, आमटीत बुडवायची, लापशी होईपर्यंत थांबायचं.

“अहो, असं काय खाता?”

“दात दुखतात.”

“दात खोटे हायेत तुमचे. खोटे दात कसे दुखतील?”

त्या संध्याकाळी काकू जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत. मोगऱ्यानंतर तर नाहीच. पलंगाच्या कडेला बसल्या. “त्यांना घास उतरत नाय,” म्हणाल्या. “मी बघते ना. छातीत धरून बसतात. वरणाचं पाणी पितात अन् मला म्हणतात पोट भरलं. माझा भाऊ असाच गेला दिंडोरीला. घशापासून सुरुवात झाली अन् शेवटाला पाणीसुद्धा उतरंना.” मग थोडं थांबून, “तू ने त्यांना. माझं लय ऐकत नाय. तुझ्यावर वरडायला आवडतं त्यांना, म्हणून तुझ्यासंगं येतील.”

आले. डॉक्टरांनी तपासलं, आधी बेरियमचा फोटो काढून आणा म्हणाले. परतताना रिक्षात काका भलतेच मोकळे झाले होते. “बेरियम म्हणजे विष, बरं का. आमच्या लॅबमध्ये बेरियम क्लोराइडच्या बाटलीवर कवटी काढलेली असायची. पण तोच बेरियम सल्फेट घराण्यात दत्तक गेला की एकदम सज्जन. का? विरघळतच नाही. पोटात शिरतो, तसाच बाहेर पडतो. अंगाला लागत नाही. म्हणून तर त्याचा फोटो निघतो.” रिक्षावाला आरशातून बघत होता. “तेव्हा घाबरण्यासारखं काहीच नाही,” काका त्याला म्हणाले. रिक्षावाला म्हणाला, मी कुठं घाबरलोय.

तपासणीच्या सकाळी काका उपाशी होते. सोबत म्हणून मीही काही खाल्लं नव्हतं, याचा कुणाला काय उपयोग ते मला अजून कळलेलं नाही. सिस्टर बाहेर आल्या, काकांच्या हातात ग्लास दिला. पांढरं, दाट, ओघळलेल्या जागी खडूसारखं वाळलेलं.

“बाबा, हे धरून बसा. आत बोलावलं की मशीनसमोर प्यायचं.”

“हे काय आहे?”

“बेरियम.”

“बेरियमचं काय?”

“बेरियमच, बाबा. सगळ्यांना हेच देतो.”

“पण पुढं? बेरियम काय?”

“बसा तुम्ही, आलेच मी,” असं म्हणून सिस्टर गेल्या.

काका ग्लासाकडे बघत राहिले. उजेडात धरून तिरका केला, वास घेतला.

“आडनाव सांगत नाही ती,” काका म्हणाले.

“काका, सल्फेटच असणार. तुम्हीच तर सांगितलंत.”

“असणार म्हणजे? बाटली बघितलीस तू?” मग आवाज खाली आला. “अरे, मी जन्मभर पाण्यात बेरियम टाकून आत काय लपलंय ते बाहेर काढलं. एकदा टाकलं की दिसतंच. लपत नाही काही. आता माझ्यात टाकणार.”

यावर शहाण्या माणसानं त्यांचा हात धरला असता. मी ग्लास धरला.

“एक घोट मी घेतो,” म्हटलं. “मला काही झालं नाही, की तुम्ही घ्या.”

काकांच्या चेहऱ्यावर एकदम प्रयोगशाळा आली. मी घोट घेतला.

“काय होतंय?”

“काही नाही.”

“एका घोटात काय कळणार? नमुना पुरेसा पाहिजे.”

मी आणखी घेतला. काकांनी माझं मनगट धरलं, नाडी बघितली, जीभ बघितली, आणखी थोडं घ्यायला सांगितलं. प्रयोग व्यवस्थित चालला होता. काका रंगात आले होते, त्यामुळं मलाही हुरूप आला. ग्लासाचा तळ दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तपासणी काकांची आहे.

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी रिकामा ग्लास बघितला, माझी पांढरी मिशी बघितली आणि कपाळावर हात मारला.

“अहो, आत प्यायचं सांगितलं होतं ना! चला, उठा, खाली उतरायच्या आत चला. शर्ट काढा.”

आवाजात एवढी घाई होती की मी शर्ट काढला.

“तो पेशंट नाही,” काका म्हणाले.

“मग कोण आहेत हे?”

“भाडेकरू.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रांगेतल्या बाकीच्यांनीही पाहिलं. मी शर्ट हातात घेऊन उभा होतो. एका आजोबांनी आपल्या शेजारच्याला विचारलं, “घरमालकासाठी एवढं करावं लागतं का आता?”

पण माझ्या मूर्खपणामुळं एक गोष्ट झाली. सकाळी कालवलेलं संपलं होतं, त्यामुळं सिस्टरांना नवीन पाकीट फोडावं लागलं, आणि काका ते बघायला टेबलापर्यंत गेले. पाकीट दोन्ही हातांत धरलं, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं. “बेरियम. सल्फेट.” पुन्हा एकदा वाचलं, लग्नपत्रिकेवरचं आपलं नाव वाचावं तसं. खालची बारीक अक्षरंही वाचली. मग पाकीट ठेवून दिलं.

“सगळं बरोबर आहे,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “आता न प्यायला काही कारणच उरलं नाही.” आणि हळूच, “पंचाईत झाली रे.”

मग गेले आत. दार लागलं. मी बाकावर शर्टाची बटणं लावत बसलो. ती खाली-वर लागली होती, हे घरी गेल्यावर काकूंनी सांगितलं.

बाहेर आले तेव्हा काकांच्या ओठांवरही पांढरी रेघ होती. “पडद्यावर बघितलं मी,” म्हणाले. “छान उतरत येतं, आणि खाली एका जागी सुताएवढं होतं. थेट बॉयलरची नळी. कवच धरलंय.” स्वतःच्या आतलं ते चित्र हातानं हवेत काढून दाखवत होते. भीती होतीच, पण आता त्या भीतीला आकार होता, आणि आकार असलेल्या गोष्टीबद्दल काका बोलू शकत होते. घरापर्यंत बोलत राहिले.

पुढं दुर्बीण घालून बघितलं, आतला तुकडा तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंत काकू एकही शब्द मोठ्यानं बोलल्या नाहीत. ‘असू द्या’सुद्धा नाही. निकाल चांगला आला. तसलं काही नव्हतं, नुसतीच वाट अरुंद झाली होती. डॉक्टरांनी आत फुगा घालून ती रुंद केली.

मधल्या काळात माझीही एक वाट बंद झाली होती. बेरियम प्यायल्यावर भरपूर पाणी प्या असं सिस्टर म्हणाल्या होत्या, पण मी तेव्हा शर्ट घालण्यात गुंतलो होतो. तपशील देत नाही. तिसऱ्या दिवशी मी गच्चीत अवघडून फेऱ्या मारताना काकांना दिसलो. ते खाली गेले आणि एक पुडी घेऊन आले.

“जुलाबाचं मीठ. पाण्यातून घे. काय आहे विचार.”

“काय आहे?”

“मॅग्नेशियम सल्फेट,” काका म्हणाले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. “एका भावानं कोंडलं, दुसरा सोडवेल.”

सोडवलं. त्याचाही तपशील देत नाही.

डॉक्टरांनी घट्ट खायला परवानगी दिली त्या दिवशी काकूंनी मला खाली जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. काकांच्या ताटात भाकरी अख्खी होती, कुस्करलेली नव्हे. काकांनी तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात टाकला. चावत राहिले. काकू पाण्याचा तांब्या हातात धरून उभ्या होत्या. मी माझा घास हातातच धरला होता. काकांनी गिळलं. छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि आम्ही तिघं त्या घासाबरोबर सावकाश खाली उतरत गेलो.

“गेला,” काका म्हणाले.

काकू चटकन चुलीकडे वळल्या. तव्यावर काही नव्हतं, तरी बराच वेळ तवा पुसत राहिल्या.

अशा वेळी गप्प बसावं. मला ते कधी जमलेलं नाही.

“काका,” मी म्हटलं, “आता तरी सांगून टाका. मी कोणतं सल्फेट?”

काकांनी मोठा तुकडा तोंडात घातला होता. त्यांनी बोट वर करून ‘थांब’ अशी खूण केली आणि मन लावून चावत राहिले. त्यांना अजिबात घाई नव्हती.

“त्यात काय विचार करायचा एवढा?” काकू पाठ न वळवता म्हणाल्या. “बेरियम हाय त्यो. इतकी वर्षं ग्यान वतताय त्याच्यात, एक कण तरी विरघळला का? अन् एकदा आत शिरला, की निघता निघत नाय.”